खिळे, नग अठरा

आमचे हे खुर्च्या-सोफ्यांची कामं करतात, आणि गेली अडतीस वर्षं त्यांच्या तोंडात अर्धा दिवस खिळे असायचे. दचकू नका. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात गेले तेव्हा मीही दचकले होते. हे एका उघड्याबोडक्या खुर्चीपुढे बसलेले, एक गाल फुगलेला, आणि मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, 'हं'. मला वाटलं, झालं, नवरा घुमा निघाला. तेवढ्यात ओठांच्या फटीतून एक बारीक खिळा डोकं पुढे करून बाहेर आला. ह्यांनी हातोडीचं चुंबकाचं टोक त्याला लावून तो उचलला, लाकडावर टेकवला आणि ठोकला. हातोडी परत तोंडाकडे येईपर्यंत दुसरा हजर.

यात नवल काही नाही, हिशोब साधा आहे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हाताने हातोडी चालवायची, मग खिळे कोणी धरायचे? म्हणून तोंड. आत जीभ प्रत्येक खिळा चाचपते, डोकं कुठे आणि टोक कुठे ते ओळखते, उलटा असला तर फिरवते आणि ओठांकडे पाठवते. हे सगळं आपोआप चालतं. वर रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि मनातल्या मनात सरकारला शिव्याही द्यायच्या. हल्ली पिना मारायची गन मिळते, ती यांच्याकडेही आहे, पण जुन्या खुर्च्यांचं लाकूड त्या पिनांनी फुटतं. लोक यांच्याकडे आजोबांच्या खुर्च्या घेऊन येतात ते खिळ्यांच्या कामासाठीच. खिळे मी स्वतः उकळून, पुसून डब्यात भरून देते. तेवढ्या एका गोष्टीत माझं ऐकलं जातं. सगळी वस्ती यांना मास्तर म्हणते, आणि आता मीही इथे तेच म्हणते, कारण कागदोपत्री तक्रारदार, तक्रारदार ऐकून माझे कान किटलेत.

तर या मास्तरांची एकसष्टाव्या वर्षी अक्कलदाढ दुखायला लागली. मी म्हटलं, उशिरा का होईना, तिकडे काही हालचाल आहे म्हणायची. ते हसले नाहीत, कारण खरंच दुखत होतं. दोन गल्ल्या सोडून दाताचे डॉक्टर आहेत. माणूस नीटनेटका, बोलायला गोड, पण सदा घाईत. एका खुर्चीवर रुग्ण असताना दुसऱ्या खुर्चीवर दुसरा भूल चढायची वाट बघत बसलेला असतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीतला लांबलचक सोफा मास्तरांनीच केलाय, त्यामुळे ओळख जुनी.

दाढ आडवी होती. काढायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासातलं मास्तरांना एकच आठवतं. आत कुठेतरी मशीन घसरल्यासारखं झालं आणि डॉक्टर म्हणाले, 'अरेच्चा'. आता हा शब्द स्वयंपाकघरात चालतो, दुकानात चालतो, पण तोंडात मशीन घालून उभ्या असलेल्या माणसाने उच्चारू नये. मास्तरांनी डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? डॉक्टर म्हणाले, काही नाही, काही नाही, मोठं उघडा.

सूज आठ दिवसांत उतरली. जिभेची डावी अर्धी बाजू मात्र बधिरच राहिली. भूल दिल्यावर राहते तशी, पण उतरायचं नाव नाही. चहा पोळला तरी कळेना. जेवताना जीभ चावली जायची आणि ते रक्त बघून मलाच समजायचं. आणि मुख्य म्हणजे, खिळे. पहिल्याच दिवशी दुकानात तोंडात टाकलेले खिळे डाव्या बाजूला गेले आणि हरवले. म्हणजे तोंडातच हरवले. आरशासमोर उभं राहून बोटाने एकेक काढावा लागला. त्या दिवसापासून खिळे वाटीत आले. कापड ताणायचं, सोडायचं, वाटीत बोटं घालायची, खिळा सरळ करायचा, परत कापड ताणायचं. जी खुर्ची सकाळी हातात घेतली की जेवायच्या आत उठायची, तिला संध्याकाळ व्हायला लागली.

मी म्हटलं, डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट सांगा. गेले. दोन तासांनी परत आले, चेहऱ्यावर समाधान. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? तर म्हणे, त्या सोफ्याची मधली स्प्रिंग बसली होती. हातोडी पिशवीत होतीच, केलं नीट. आणि जिभेचं? अगं, त्यांच्याकडे गर्दी किती होती. त्यांनी दारातूनच विचारलं, बरं आहे ना मास्तर, मी म्हटलं, आहे. आता अशा माणसाला काय म्हणावं? ज्याने आपली जीभ बिघडवली त्याच्या दवाखान्यात जाऊन त्याचा सोफा दुरुस्त करून यायचा, तोही फुकट. मी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

मग मी बरोबर जायला लागले. एकदा काउंटरवरच्या मुलीने गुळण्यांची बाटली दिली. एकदा डॉक्टर भेटले, त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, मास्तर, आता वय झालं, भरून यायला वेळ लागणारच. तोंड उघडायला एकदाही सांगितलं नाही. पाच महिने असे गेल्यावर आम्ही आपणहून मोठ्या हॉस्पिटलात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा, सुईचं टोक, गार चमचा असं एकेक जिभेला लावून पाहिलं. म्हणाल्या, जिभेची नस कापली गेलीय. पहिल्या तीन महिन्यांत पाठवलं असतं तर जोडून बघता आली असती. आता ऑपरेशन करता येईल, पण खात्री देत नाही. आणि खिळे तोंडात अजिबात घालायचे नाहीत, एकही नाही.

घरी येताना मी पेटले होते. तीन महिने. त्या तीन महिन्यांत हा माणूस चार वेळा त्या दवाखान्यात जाऊन आला होता.

मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात होते. फाईल कशी लावायची ते मला कोणी शिकवायला नको. त्यात माझा धाकटा भाऊ एका वकिलांकडे टायपिंग करतो. वकील नाही, पण वकिलांपेक्षा मोठ्या आवाजात बोलतो. दोघांनी मिळून ग्राहक तक्रार मंचाकडे अर्ज केला. मागणी अशी, की ऑपरेशनचा खर्च द्यावा, बुडालेल्या कामाची भरपाई द्यावी आणि चूक झाली हे लेखी मान्य करावं. मास्तरांना यातलं काहीच नको होतं. त्यांचं म्हणणं, डॉक्टर माणूस वाईट नाही, उगाच कशाला. मी म्हटलं, वाईट असता तर मी कधीच सोडून दिलं असतं. वाईट माणसाच्या नादी कोण लागतं?

एक कबूल करते. तेव्हा मी लढत होते ती डॉक्टरांच्या त्या खांद्यावरच्या हाताशी. अर्धी जीभ बधिर असणं म्हणजे नेमकं काय, हे मला कुठे ठाऊक होतं? बाहेरून तर माणूस धडधाकट दिसत होता, बोलत होता, जेवत होता. एखाद्या रात्री मनात यायचंही, की थोडं वाढवून तर सांगत नाहीत ना? हे मी कधी तोंडाने बोलले नाही, पण मनात आलं ते आलं.

डॉक्टरांचं उत्तर चार पानी आलं, त्यांच्या वकिलांच्या सहीचं. दवाखान्यातल्या मास्तरांच्या कार्डावर त्या सोफ्याच्या दिवशी लिहिलं होतं, 'रुग्ण समाधानी'. उत्तरात वर हेही होतं, की तक्रारदाराला त्या दिवशी प्रसन्न मनाने फर्निचरचं काम करताना अनेकांनी पाहिलं. हसावं की रडावं असं मला झालं. आणि शेवटच्या पानावर एक वाक्य होतं. मी ते मोठ्याने वाचायला नको होतं, पण वाचलं. 'तक्रारदाराच्या कामाची गती मंदावली असल्यास ती वयोमानानुसार मंदावली असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

मास्तर वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले, परत वाच. मी परत वाचलं. ते उठले, चपला घातल्या आणि दुकानात गेले. त्या दिवसापासून रोज दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायला लागलं. मी विचारलं तर म्हणाले, हत्यारांना धार लावतोय. मला वाटलं, मनाला लागलंय, बसत असतील एकटे. मी डिवचलं नाही. एरवी मी सोडते होय?

सुनावणीची तारीख लागली तशी भावाने डोकं चालवलं. म्हणाला, ताई, दात पडला तर दिसतो, हात मोडला तर दिसतो. बधिर जीभ कोणाला दिसणार? नुकसान डोळ्यांनी दिसलं पाहिजे. भाऊजींनी मंचासमोर एक खुर्ची करून दाखवायची. अठरा खिळ्यांची बैठक. पूर्वी हे काम तीन मिनिटांत व्हायचं. वाटीतून घेऊन आता नऊ लागतात. घड्याळ लावायचं, संपला प्रश्न. मंचाने परवानगीही दिली. आदल्या दिवशी मी मास्तरांना बजावलं, रोज करता तसंच करायचं, सावकाश. ते 'हं' म्हणाले. तोंडात खिळे नसतानाचं त्यांचं 'हं' मला इतक्या वर्षांत ओळखता यायला हवं होतं.

मंचाचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवर 'बंद' अशी पाटी. भावाने खुर्चीचा सांगाडा डोक्यावर घेतला, मी वाटी आणि फाईल, मास्तरांनी हातोडी. वर पोहोचेपर्यंत भावाचा आवाज निम्म्यावर आला होता. खोलीत एक लांब टेबल, त्यामागे तिघं जण, मधे अध्यक्षबाई. बाईंचे केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाजूच्या बाकावर डॉक्टर आणि त्यांचे वकील. डॉक्टरांनी मास्तरांना नमस्कार केला आणि मास्तरांनी उठून तो परत केला. मग बसण्याआधी बाकाच्या गादीत अंगठा दाबून बघितला आणि माझ्या कानात म्हणाले, फोम हलका घातलाय.

तिथला कारकून माझ्याच जातकुळीचा निघाला, म्हणजे कागदाचा पक्का. पुरावा म्हणून जे आत येईल त्याची नोंद झालीच पाहिजे, असं त्याने सांगितलं आणि मोठ्या वहीत लिहिलं: लाकडी खुर्ची, नग एक. कापड, नग एक. हातोडी, नग एक. खिळ्यांशी येऊन तो थबकला. मग वाटी टेबलावर उपडी करून एकेक बाजूला सारत त्याने मोजले आणि लिहिलं: खिळे, नग अठरा. मास्तर सही करत होते तेव्हा डॉक्टरांच्या वकिलांनी जांभई दिली.

अध्यक्षबाईंनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि करा म्हणाल्या. मास्तर खुर्चीपुढे बसले, कापड पसरलं, कडा सारख्या केल्या. मग वाटी उचलली आणि मला काही कळायच्या आत सगळी तोंडात रिकामी केली.

मी उभी राहिले. भावाने माझा पदर ओढून मला खाली बसवलं. आता थांबवलं तर जास्त वाईट दिसेल, असं तो कुजबुजला. मास्तरांचा उजवा गाल फुगला होता. ओठांतून पहिला खिळा आला, हातोडीने उचलला, ठोकला. दुसरा आला. तिसरा. माझ्या लक्षात आलं की शटरआड हत्यारांना धार बिर काही लागत नव्हती. हा माणूस इतके दिवस एका बाजूने शिकत होता. उजव्या अर्ध्या जिभेवर सगळं काम आणून, मान जराशी उजवीकडे कलती करून, तो पूर्वीसारखा हात चालवत होता. खरं सांगू? त्या क्षणी मला राग यायच्या आधी अभिमान वाटला. कारकूनसुद्धा पेन धरून बघत राहिला होता. कापड चारी बाजूंनी सारखं ताणलेलं, एक सुरकुती नाही.

शेवटचा ठोका पडला आणि मास्तर हातोडी खाली ठेवून ताठ बसले. अध्यक्षबाई घड्याळ बघून म्हणाल्या, दोन मिनिटं पन्नास सेकंद. मास्तर डॉक्टरांकडे बघत होते. रागाने नव्हे. एकदा तरी नीट बघा, असं काहीसं होतं त्या नजरेत.

मग मात्र मला राग आला. सहा महिन्यांची फाईल, तीन मजले, हॉस्पिटलचे कागद, सगळं या माणसाने पावणेतीन मिनिटांत पाण्यात घातलं होतं. डॉक्टरांचे वकील सावकाश उठले. कोट नीट केला. म्हणाले, मला काहीच विचारायचं नाही. तक्रारदारांचं काम सर्वांनी पाहिलं, मी त्यांचं अभिनंदन करतो. माझ्या भावाने फाईलमध्ये तोंड खुपसलं.

अध्यक्षबाई काहीतरी लिहायला लागल्या. तेवढ्यात कारकून खुर्चीपाशी आला. आत आलेली वस्तू परत देताना मोजून द्यायची, हा त्याचा नियम. तो वाकून खिळे मोजायला लागला, ओठ हलवत. मोजून झाल्यावर परत मोजायला लागला.

"सतरा आहेत," तो म्हणाला.

वकील म्हणाले, एखादा खाली पडला असेल. कारकून म्हणाला, नोंद अठराची आहे. तो टेबलाखाली शिरला. फरशी स्वच्छ होती, खुर्चीखाली काही नव्हतं, वाटी रिकामी. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं आता, पण तेव्हा मी चिडून म्हणत होते, एका खिळ्याचं काय घेऊन बसलाय हा. मास्तरही कंटाळले होते. झाडताना सापडेल, असं त्यांनी सांगितलं.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "मास्तर, तोंडात तर नाही ना राहिला?"

"नाही बाई," मास्तर म्हणाले. अगदी शांतपणे, खात्रीने, आपल्या कामावर कोणी शंका घेतल्यावर म्हणतात तसं. "तोंड रिकामं आहे. मला कळणार नाही होय?"

हे बोलताना त्यांचं तोंड उघडलं आणि मला तो दिसला. जिभेच्या डाव्या कडेला खिळा रुतून बसला होता, टोक आत, चपटं डोकं तेवढं बाहेर. भोवती लाल झालं होतं, आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची बारीक रेघ हनुवटीवर उतरत होती. मास्तर त्या रेघेसकट सगळ्यांकडे बघत होते आणि त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

मी कोणाची परवानगी घेतली नाही. जाऊन त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले, आ करा म्हटलं आणि दोन बोटांनी खिळा ओढून काढला. तो सहज निघाला नाही. एवढं ओढलं तरी त्यांच्या डोळ्याची पापणी हलली नाही. मी तळहात पुढे केला.

मास्तरांनी खिळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा कुठून आला?"

इतके महिने मी मोठमोठ्या अर्जांत लिहीत होते, संवेदना गेली, संवेदना गेली, आणि मलाच त्याचा अर्थ आत्ता कळत होता. मी याच माणसावर रात्री शंका घेतली होती. मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टर केव्हा उठून आले ते कळलंच नाही. वकील काहीतरी बोलत होते, त्यांना ते म्हणाले, तुम्ही बसा. खिशातला रुमाल त्यांनी मास्तरांच्या हनुवटीला लावला. फोनचा दिवा लावून तोंडात बघितलं, इतका वेळ, की मला वाटलं आता तेच इथे दवाखाना मांडतात. मग दिवा बंद केला.

"तुम्ही सोफा ठोकत होतात तेव्हा मी दारातून विचारलं," ते म्हणाले. "दोन मिनिटं आत घेऊन तोंड उघडायला सांगायला हवं होतं. चार वेळा आलात, चारही वेळा सांगितलं नाही. चुकलं माझं."

वकिलांनी डोळे मिटले. अध्यक्षबाईंनी कारकुनाला सांगितलं, हे जसंच्या तसं लिहून घ्या. कारकुनाने लिहून घेतलं आणि खाली अठरावा खिळाही नोंदवला, सापडल्याच्या जागेसकट.

निकाल पंधरा दिवसांनी आला, आमच्या बाजूने. मागितलं त्यातलं बहुतेक मिळालं. लेखी कबुली तर डॉक्टरांनी निकालाआधीच स्वतःच्या अक्षरात पाठवली होती. ऑपरेशनही झालं. जिभेच्या कडेला आता मुंग्या येतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, ही चांगली खूण आहे. मास्तर ठणठणीत आहेत, वाटीतून खिळे घेतात आणि सावकाश काम करतात. गिऱ्हाईकं थांबतात. भाऊ सगळ्यांना सांगतो की खुर्चीची कल्पना त्याची होती, आणि ते खरंही आहे.

त्या दिवशी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. सुनावणी संपली, भाऊ टॅक्सी बघायला गेला आणि आम्ही दोघं इमारतीच्या पायऱ्यांवर खुर्ची मधे ठेवून उभे होतो. मास्तरांनी डॉक्टरांचा रुमाल ओठाला धरला होता. मला भांडायचं होतं. मी विचारलं, का केलंत असं? त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "त्यांनी लिहिलं होतं ना, वय झालं म्हणून."

मग मी भांडले नाही. म्हटलं, काम मात्र सुंदर झालं. ते एवढे खूश झाले की रुमालाआडून हसले. दुपारी रोज तासभर करायचो, म्हणाले. खिळे उजव्या गालात ठेवायचे, डावीकडे जाऊ द्यायचे नाहीत, एवढीच युक्ती. आणि पूर्वी कधी मोजत नव्हतो, पण आता मोजून वीस घ्यायचो, म्हणजे गडबड नको.

"आणि वीसच्या वीस निघायचे?" मी विचारलं.

"निघायचे की," ते म्हणाले. मग जरा आठवून, प्रामाणिकपणे म्हणाले, "दोनदा एकोणीस निघाले. म्हटलं, पडला असेल खाली."

"सापडले का ते?"

त्यांनी रुमाल ओठावरून काढला. दुसरा हात हळूच पोटावर गेला. बहुतेक त्यांनाही तेव्हाच पहिल्यांदा तो प्रश्न पडला असावा. मला एकदम रडू आलं, भर रस्त्यात, इतकं की टॅक्सीतून उतरणारा भाऊ आम्ही केस हरलो असं समजून तिथेच थांबला. मी डोळे पुसले, मास्तरांचा हात घट्ट धरून त्यांना आत बसवलं, खुर्ची भावाच्या हवाली केली आणि टॅक्सीवाल्याला घराच्या आधी हॉस्पिटलचा पत्ता सांगितला.